दुसऱ्या वेळची पाठराखीण

आमच्याकडे नवी सून पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर एक पाठराखीण जाते. थोडे दिवस सुनेच्या अंगाला अंग लावून राहायचं, तिच्या वतीने भूक लागली म्हणायचं, तिच्या वतीने झोप आली म्हणायचं, आणि ती जरा रुळली की परत यायचं, असं हे काम. त्यासाठी भरल्या कपाळाची, हसरी, लेकुरवाळी बाई लागते. मी त्यातली नव्हे. मी दुसऱ्या वेळची पाठराखीण. म्हणजे पहिली पाठराखीण लुगडं-चोळी घेऊन हसतमुखाने परत आली, महिना-दोन महिने गेले आणि मग सासरहून निरोप आला, की पोरगी नांदत नाही, पळून जाईलसं दिसतं, तर मला गाडीत घालून पाठवत. मांडवात मी चालत नसे. मी नजरेआड असल्याची खात्री करूनच भटजी मंगलाष्टकं सुरू करत. पण मांडव उतरला, पाहुणे पांगले आणि सुनेच्या डोळ्यांचं पाणी खळेना, की सगळ्यांना मीच आठवे.

या कामाला माझी लायकी एकच होती. मी स्वतः सासरहून पळाले होते, आणि तेही तीनदा.

माझं माहेर कळसाडी, तापीच्या वरच्या अंगाला. सासर धानोरा, तापी ओलांडून, नंदुरबारच्याही पुढे. पहिल्यांदा मी कापसाच्या गाडीत कापसातच दडून नंदुरबारपर्यंत आले. सरकी काढायच्या जिनाच्या दारात कापूस खाली ओतला तेव्हा कापसाबरोबर मीही खाली आले. गाडीवान भला माणूस होता. त्याने मला भजी खाऊ घातली आणि त्याच गाडीतून धानोऱ्याला परत नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा मी तापीपर्यंत पोचले, पण नावाड्याने माझ्या पायातल्या नव्या जोडव्यांकडे पाहिलं आणि नाव सोडलीच नाही. तिसऱ्यांदा मात्र मी थेट कळसाडीच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिले. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझं पाणी पिऊन होईपर्यंत बैल जुंपले.

त्यानंतर मी पळाले नाही. मी सुधारले असं लोक म्हणत. खरं म्हणजे पावसाळा लागला आणि नाव बंद झाली. नदी उतरेपर्यंत कोणती म्हैस कोणाच्या हाताला पान्हा सोडते आणि सासूबाईंचा राग कुठून निघून कुठे जातो, हे मला कळलं होतं. मग जायचं राहूनच गेलं. पुढे थोडी वर्षं गेली आणि मालक तापाने गेले. पोरबाळ नव्हतं. भाऊ गाडी घेऊन आला आणि मला कळसाडीला घेऊन गेला. नांदायला शिकले आणि नांदायचं घरच राहिलं नाही, असा हा हिशेब झाला.

पण गावाच्या दृष्टीने मी मोठी कामाची बाई होते. नांदणाऱ्या बायका पुष्कळ होत्या आणि पळालेल्याही दोन-चार होत्या. आधी पळाली आणि मग नांदली अशी मी एकटीच. त्यामुळे आसपासच्या कोणत्याही घरची लेक सासरी रडायला लागली, की तिचा बाप आमच्या ओट्यावर येऊन खाकरत असे. माझी वहिनी अशा वेळी फार तत्पर. निरोप ऐकता ऐकता ती माझी पिशवी भरून दाराशी आणून ठेवी.

माझी पद्धत ठरलेली होती. पहिले दोन दिवस काहीच बोलायचं नाही. सुनेबरोबर जात्यावर बसायचं, तुरीची डाळ निवडायची, तिच्या सासूचं ऐकून घ्यायचं. मग एखाद्या संध्याकाळी आपली गोष्ट काढायची. कापसाची गाडी, नावाडी, वडिलांचे बैल. माझी गोष्ट ऐकून पोरगी आधी हसे, मग रडे, मग स्वतःचं सांगू लागे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागत असे. गोष्ट मात्र दर खेपेला थोडी वाढत गेली. तापीचं पात्र रुंदावलं. नावाडी एकाक्ष झाला. एका वर्षी तर त्यात सुसर आली. ती मी परत काढू शकले नाही, कारण पुढच्या गावी पोचायच्या आतच तिची कीर्ती पोचलेली असे आणि लोक मला पाणी देता देता सुसरीचं विचारत. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. तिथे खोटं बोलू नये असा धडा होता. पण सुसर माझ्या लेखी खोटेपणात जमा नव्हती, ती औषधाच्या पुडीवरची साखर होती.

अशा सगळ्या प्रतिष्ठेत असताना, जर्मनीची लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी, एका हिवाळ्यात, आमच्या भाऊबंदातली एक बाई माझ्याकडे आली. तिची लेक त्याच वर्षी तापीकाठच्या एका गावी दिलेली होती. पोरगी सोळा वर्षांची. नात्याने मी तिची फुई, म्हणजे आत्या. आईने माझे पाय धरले.

"पोर हट्टी शे, बाई," ती म्हणाली. "तिले तुम्हीच समजाडा. ते तिले परत धाडी देतीन, मंग आम्ही तोंड कोठे दाखाडवा?"

परत धाडतील म्हणजे काय, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. परत आलेली लेक घराच्या मागच्या दारी बसते आणि तिच्या पाठच्या बहिणींची स्थळं पुढच्या दारावरून निघून जातात. आईने एवढं सांगितलं, पण आणखी एक गोष्ट सांगितली नाही. ती काय, ते मला मागाहून कळलं. तेव्हा मात्र मी पिशवी उचलली आणि हट्टी पोरी मी पुष्कळ पाहिल्यात अशा थाटात गाडीत बसले.

सासरचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. पुढे ओटा, मागे गोठा, गोठ्यापलीकडे विहीर आणि विहिरीवर वाकलेला शेवगा. सासू अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली, पण मनाने वाईट नव्हती. तिने मला चहा दिला, बशी हातात टेकवली आणि सांगायला सुरुवात केली.

"इहीनबाई, वहू कामले वाघीन शे. दिनभर हात थांबत नही. पन दिन बुडना का तिन्हा अंगमा काय संचारस कोन जाने! सासराना ताटमा पाय दिना तिनी. सरय ताटमा! आनि मांगला हप्तामा नदीकडे निंघी गयी. गुराखीनी दखी म्हनीसन वाचनी."

मी मान डोलावली. यात मला नवं काहीच नव्हतं. सासऱ्याच्या ताटात पाय मी दिला नव्हता, पण सासूबाईंच्या देखत दुधाची चरवी लवंडली होती, आणि ती लवंडताना मनात काय होतं ते मला पक्कं आठवत होतं. नदीकडे जाणं तर माझ्याच घरचं. मी चहा संपवायच्या आत निदान करून टाकलं.

पोरगी उंच, सावळी आणि कामाला खरंच वाघीण होती. उजाडल्यापासून तिचा झपाटा सुरू होई. दुपार कलली की ती अधिकच घाई करी. भांडी, झाडलोट, पाणी, सगळं उन्हात उरकायचं. सूर्य खाली गेला की ती चुलीपुढच्या एकाच जागी बसे आणि तिथून हलत नसे. उठलीच तर भिंतीवरून हात फिरवत जाई. तिला कोणी हाक मारली तर दचके. नणंद चेष्टा करी, तर ही नुसती हसे, आणि ते हसू नणंदेच्या डाव्या-उजव्या बाजूला कुठेतरी जाई. मी हे सगळं पाहत होते आणि प्रत्येक गोष्टीचा मला अर्थ लागत होता. घाईने काम उरकते, म्हणजे पळायला मोकळी होते. भिंती चाचपते, म्हणजे दाराची कडी हेरून ठेवते. दचकते, म्हणजे मनात चोर आहे. मी स्वतः पळालेली होते ना, मला कोण फसवणार?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासू देवळात गेली होती. आम्ही दोघी मागच्या ओसरीत बसलो. मी खांबाला टेकून बसले, ती माझ्या पुढ्यात. मी गोष्ट काढली. कापसाची गाडी झाली. अंधार पडू लागला. खांबाची गाठ पाठीला टोचत होती, म्हणून मी हळूच उठून उंबऱ्याशी जाऊन बसले आणि तिथून नावाडी सांगितला. ती हुंकार देत होती. मग मी सुसर आणली. सुसरीने शेपटी आपटली, पाणी उडालं, आणि या जागी आजवर प्रत्येक पोरीने तोंडावर हात नेलेला आहे म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

ती खांबाकडे पाहत होती. खांबाकडे मान करून, मोठ्या आदराने, हुंकार देत होती.

मला आधी राग आला. पुढच्या बाईचा असा अपमान मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी सुसर तिथेच सोडली. माझा आवाज थांबला तशी ती खांबाला म्हणाली,

"फुई, तुम्ही तुमनंच सांगी ऱ्हायनात. माले काय व्हयनं ते कोनीच इचारं नही."

शब्द साधेच होते, तिच्या बोलण्यात तक्रारही नव्हती. पण मला कोणी ओसरीवरून खाली ढकलावं तसं झालं. मी म्हटलं, "मंग सांग ना. काय व्हयनं?"

ओसरीत आवाज घुमत होता, पण या वेळी तो उंबऱ्याकडून येतोय हे कळून तिची मान गर्रकन वळली.

"दिन बुडना का माले दिसत नही, फुई. काहीच नही. तुम्ही आते कोठे बठेल शेत, तेबी माले माहीत नव्हतं."

"मंग नदीकडे काबर गयी?"

"नदीकडे नही गयी. परसाकडे गयी व्हती. येवानी वाट सापडनी नही."

ताटाचं मी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. सगळं घर, शेजारपाजार आणि तीन वेळा पळालेली एक अनुभवी बाई, सगळ्यांनी मिळून त्या पोरीच्या डोळ्यांचा रोग तिच्या पायांना लावला होता. पोरीनेच सांगितलं, तिच्या आईला हे सारं ठाऊक होतं. रोग लहानपणापासूनचा नव्हे, दोन-तीन वर्षांपासूनचा. म्हणून पोरगी दाखवायचा कार्यक्रम भर दुपारी ठेवला होता आणि लग्नही गोरज मुहूर्त टाळून सकाळचं धरलं होतं. माहेरी दूधदुभतं भरपूर होतं, पण ते मुलग्यांच्या वाट्याला जाई. लेकीला भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तेवढ्यावर कामाला वाघीण होता येतं, संध्याकाळचं दिसायला मात्र आणखी काही लागतं.

मी म्हटलं, "चाल, मी तुले सकाय घर ली जास." माझ्याकडे दुसरं काही सांगायला नव्हतं. जी पोरगी परत जायला रडते तिला कसं थोपवायचं, एवढीच माझी विद्या.

"नही," ती म्हणाली. "माले जावानं नही. माले आठेच ऱ्हावानं शे." आणि पुढे म्हणाली, "आठे माले कोनी आंधयी म्हनत नही."

माहेरी भाऊ तिला आंधळी म्हणून हाका मारत. वाटेत पाय आडवा घालून हसत. इथे तिला हट्टी म्हणत, रागीट म्हणत, अंगात येतं म्हणत, पण ते सगळं तिला सुखाचं वाटत होतं. मी आजवर ज्यांना समजावलं त्या सगळ्यांना सासर नको होतं. हिला सासर हवं होतं, आणि तिच्या सासरी खरं कळलं असतं तर तिला तिथे राहता आलं नसतं. डोळ्यात खोट असलेली मुलगी फसवून दिली म्हणून पंच बसले असते आणि माझ्याच भाऊबंदांची पगडी त्यांच्या पायांवर गेली असती.

तेवढ्यात सासू देवळातून आली. चिमणी हातात घेऊन ओसरीतच आली आणि डोळ्यांनी मला विचारलं. मग न राहवून तोंडानेही विचारलं, "काय म्हनी ऱ्हायनी पोर?"

मी म्हणाले, "पयनारीच शे, इहीनबाई. मन्हासारखीच. मन्हापेक्षाबी पक्की."

सासूने कपाळावर हात मारला. पण मी पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर थोडं समाधानही आलं. आजाराला नाव मिळालं की माणसाला बरं वाटतं, आणि या आजाराची वैद्य समोरच बसलेली होती.

"इलाज शे," मी म्हटलं. आणि तिथल्या तिथे, माझ्या सगळ्या कीर्तीच्या जोरावर, मी इलाज सांगितला. दिवस बुडल्यावर सुनेला घडीभरही एकटी सोडायची नाही. परसाकडे जायचं तर नणंदेने हात धरून न्यायचं, हात सुटला की गेलीच म्हणून समजा. तिच्या खोलीत सूर्य मावळायच्या आधी दिवा लावून ठेवायचा, कारण पळणारीला अंधार फूस देतो. जेवण वाढायचं काम संध्याकाळी तिला द्यायचं नाही. आणि रोज दोन्ही वेळा शेवग्याच्या पाल्याची भाजी, लोणकढं तूप घालून, तिच्या पोटात गेलीच पाहिजे.

"शेवगाना पाला?" सासू म्हणाली. "तो ते ढोरे खातस."

"ढोरे पयतस का कधी दावं तोडीसन?" मी विचारलं.

पळतात, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण तो प्रश्न मी इतक्या जोरात विचारला की ती चिमणी घेऊन शेवग्याकडे निघाली.

शेवग्याचं मला ठाऊक होतं ते आईमुळे. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला संध्याकाळचं दिसेनासं झालं होतं. सुईणीने बोकडाचं काळीज सांगितलं. आमच्या घरात नुसतं ते नाव उच्चारल्यावर आजीने चूल पुन्हा सारवून घेतली. मग सुईण म्हणाली, शेवग्याचा पाला तुपात द्या, उशीर लागेल पण गुण येईल. आईला आला होता. या पोरीला येईल की नाही, हे मला कुठे माहीत होतं?  गुण आला नाही तर आज ना उद्या पोरीचा पाय दुसऱ्या कोणाच्या ताटात पडणार होता, आणि त्या दिवशी मी दिलेलं नाव कोणालाच पटणार नव्हतं.

मी तिथेच राहिले. निरोप पाठवला की प्रकरण अवघड आहे. सासू इलाजाला इतकी मनापासून लागली की मला तिची कीव येई. ऊन कलायच्या आत दिवा लागे. नणंद वहिनीचा हात असा घट्ट धरी की बांगड्या पिचकत. शेवग्याच्या खालच्या फांद्या आठवड्यात ओक्याबोक्या झाल्या आणि गडी शिडी लावून वरचा पाला काढू लागला. तूप वाढताना सासूचा हात आखडत नसे, कारण ते लाडाचं तूप नव्हतं, बंदोबस्ताचं होतं. जन्मात पहिल्यांदा त्या पोरीच्या ताटात रोज तूप पडत होतं आणि ते मिळवायला तिला पळपुटी व्हावं लागलं होतं.

असे बरेच दिवस लोटले. रोज दिवस मावळला की मी तिला विचारी, काही दिसतं का. ती मान हलवी. मग ती माझं मन राखायला, दिसल्यासारखं वाटतं असं म्हणू लागली, आणि ते ऐकून मला जास्तच भीती वाटे. शेवटी मी विचारणं सोडून दिलं.

एका संध्याकाळी धार काढून झाली होती. गोठ्यात अजून दिवा आला नव्हता. नणंद हात धरून उभी होती, मी पलीकडे गव्हाणीशी. पोरगी एकदम थांबली.

"फुई," ती अगदी हळू म्हणाली, "गायना कपायवरनं चांदं दिसी ऱ्हायनं."

गाय काळी होती आणि तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. नणंदेला यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. मी गव्हाणीतला चारा सारखा करायला खाली वाकले, कारण मला रडू आवरत नव्हतं. इतक्या पोरी माझ्यापुढे रडल्या, त्यांच्याबरोबर मीही रीतीप्रमाणे रडले, पण ते कामाचं रडणं होतं. हे माझं होतं.

महिन्याभरात ती संध्याकाळी अंगणात बिनधास्त फिरू लागली. सासूने साऱ्या गावात सांगितलं की सुनेचं पळणं सुटलं. मी निघाले तेव्हा तिने माझी ओटी भरायला हात पुढे केला, मग माझं कपाळ आठवून मागे घेतला, आणि नारळ तसाच माझ्या पिशवीत टाकला. त्या पोरीला मी कानात एवढंच सांगितलं, पाला सोडू नको.

याचा पुढे जो परिणाम झाला त्याला मी जबाबदार आहे. त्या भागात सुनांना शेवग्याचा पाला चारायची रीत पडली. कोणी माहेरची आठवण काढून हुंदका दिला की सासू शेवग्याकडे धावे. काही पोरींना तो सोसत नसे, त्या पोट धरून बसत, आणि पोट धरून बसलेली सून पळत नाही हेही सिद्ध होई. त्यातली एक पाल्यालाही न जुमानता पळाली, तर लोक म्हणाले, तूप कमी पडलं असेल.

दुसरा परिणाम असा, की माझ्या बरोबरीची आणखी एक पाठराखीण तयार झाली. ज्या पोरीने जन्मात कधी पळायचं मनात आणलं नाही, तिला पळपुट्या सुनांची जाणकार म्हणून बोलावणी येऊ लागली. ती नांदत होती, दोन लेकरं झाली होती, मांडवातही चालत होती. माझ्यापेक्षा तिचा भाव वधारला. पहिलं बोलावणं आलं तेव्हा तिने घाबरून मला निरोप धाडला. मी गेले, तर म्हणते, फुई, पळतात कसं ते नीट सांगा, मला काहीच माहीत नाही. मी तिला गाडी दिली, नावाडी दिला, आणि जड मनाने सुसरही देऊन टाकली.

मग लढाई सुरू झाली. रॉकेल मिळेनासं झालं, गावोगाव संध्याकाळी लवकर निजानीज होऊ लागली. त्या दिवसांत या नव्या पाठराखिणीच्याच घरी पेच आला. धाकट्या दिराची बायको नवी आली होती आणि अन्न सोडून बसली होती. त्या नवीच्या माहेरच्यांनी मला पाठवलं, घरची मोठी जाऊ आहेच, पण दोघी असल्या तर बरं म्हणून. मी दुपारी पोचले. दोघी जावा मागच्या खोलीत होत्या. मी बाहेर पाय धुता धुता कान दिला. आता सुसर येईल म्हणून वाट पाहत राहिले.

सुसर आली नाही. गाडीही नाही, नावाडीही नाही. हिने फक्त विचारलं, "तुले काय व्हयनं?" आणि गप्प बसली. नवी सून काही बोलेना, तरी ही गप्पच. मी असते तर एवढ्या वेळात तापी दोनदा ओलांडली असती. मग आतून बारीक आवाज सुरू झाला आणि तो बराच वेळ चालला. काय होतं ते मी सांगत नाही, ते मला सांगितलेलं नव्हतं. ऊन उतरलं तेव्हा दोघी बाहेर आल्या आणि नव्या सुनेने चुलीपाशी बसून अर्धी भाकरी खाल्ली.

मला करायला काही उरलंच नव्हतं. मी पिशवी उचलली. गाडीवान बैल सोडून बसला होता, त्याला म्हटलं जुंप, लगेच निघू. ही माझ्यामागे ओट्यावर आली.

"फुई, एक इचारू?"

"इचार."

"तुमले तठे करमस का? भाऊना घर?"

मी हसले. माझं माहेर ते, तिथे न करमायला काय झालं, असं म्हटलं. ती तशीच उभी राहिली, मघाशी आत बसली होती तशी. मला कुठे पाहावं कळेना. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, नाही करमत. एकदा निघाल्यावर मग थांबलं नाही. मी दुसऱ्यांच्या सुना रुळवायला जाते, तेवढ्यात माझ्या निजायच्या जागेवर बियाण्याची पोती येऊन बसतात. परत आले की वहिनी कपाळाला आठी न घालता ती हलवते, आणि तिची आठी नसणंच मला सोसत नाही. मी तिच्या आधी जेवत नाही, तिच्यानंतर वाढून घेत नाही. कोणी वाईट वागत नाही. पण बापाच्या घरात मी इतकी वर्षं पाहुणीसारखी जपून पाय टाकते आहे, आणि तीन वेळा पळाले तेव्हासुद्धा मला इतकं परकं वाटलं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"मंग आठे ऱ्हा थोडा दिन," ती म्हणाली. "मी शे ना तुमना संगे."

गाडीवान खोळंबून हाका मारत होता. मी ओट्याच्या कडेला जाऊन त्याला परत जायला सांगितलं. घरी काय निरोप देऊ, त्याने विचारलं.

"सांग," मी म्हटलं, "वहू आजून रमनी नही. येळ लागी."